मिरगाआधी मशिनी उघडताना : लकडगंजच्या सुतारी वर्कशॉपमधल्या नोंदी

५ मे

आजपासून वर्कशॉपमधल्या वायरवाल्या सगळ्या मशिनी एकेक करून उघडायला घेतल्या. ग्राइंडर, ड्रिल, जिगसॉ, प्लेनर, राउटर, मार्बल कटर, हॅमर आणि भिंतीकडचा बेंच ग्राइंडर. मिरग लागायच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत, सगळ्या साफ होऊन कोरड्या कपाटात गेल्या पाहिजेत. त्यानंतर तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदींचं काम अंगावर येतं आणि मग पोळ्यापर्यंत कुणी मशीन हातची सोडत नाही.

मोठ्या मिस्त्रींनी विचारलंच, "चालून राहिली ना मशीन? मग खोलून काऊन राहिले, भाऊ?"

त्यांना दिलेलं उत्तर वहीतही लिहून ठेवतो, कारण सगळा खटाटोप त्याचसाठी आहे. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की मोटारीत साठलेली धूळ काही त्रास देत नाही. तीच धूळ पहिल्या पावसानंतर ओल धरते. लोखंडाचा कीस, कार्बनची काजळी आणि भुसा यांचा दमट थर बसला की करंटला मोटारीतून बाहेरच्या धातूपर्यंत यायला वाट मिळते. मशीन तेव्हाही चालतच असते. आवाज तोच, वेग तोच. फरक हाताला कळतो, आणि तोवर पायाखालची फरशीही ओली झालेली असते.

उघडण्याआधीचं ठरलं ते असं. प्लग बोर्डातून काढायचा आणि वायर गुंडाळून तो टेबलावर, उघडणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं धरायचं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. तसं असेल तर बटण बंद असूनही मशीनपर्यंत फेज येऊन थांबलेला असतो. प्लग काढल्यावर मशीनचा स्विच एकदा दाबून सोडायचा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये काही उरलं असेल तर निघून जातं. डिस्क, ब्लेड, बिट आधी उतरवायचं आणि मगच स्क्रूला हात लावायचा.

७ मे

आज फक्त केबली. मशीन एकही उघडली नाही, तरी दिवस पुरला नाही.

केबल तुटते ती बहुतेक मशीनच्या मानेपाशी, रबरी बूट संपतो तिथून वीतभर अंतरात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. उरलेल्या थोड्या धाग्यांतून सगळा करंट जातो, म्हणून ती जागा गरम होते. मशीन पाच मिनिटं चालली की केबल मुठीत धरून मानेपासून प्लगपर्यंत हात फिरवायचा. एकच जागा ऊन लागली तर तिथेच दुखणं आहे. हे आवरण धड असलेल्या केबलीलाच. चिरलेली दिसली तर चालू मशीनवर हात फिरवायचाच नाही. प्लग काढून मल्टिमीटर बीपवर ठेवायचा आणि केबल वाकवत जायची. बीप तुटली की जागा सापडली.

दुरुस्ती एकच : ती जागा कापून टाकायची आणि केबल तेवढी आखूड करून नव्याने जोडायची. टेप मारायचा नाही. टेपचा डिंक इथल्या उन्हाळ्यात वितळतो, गुंडाळी सरकते, आणि ओढताना सांध्यावर ताण येतो तो येतोच. जोडल्यावर केबलची पकड, म्हणजे आतली पट्टी आणि तिचे दोन स्क्रू, नीट आवळले की नाही ते ओढून पाहायचं. ओढ पट्टीने घ्यायला हवी. ती तारांच्या टोकांवर गेली तर सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करावं लागतं.

एका ड्रिलला प्लगच नव्हता. दोन तारा सोलून ठेवलेल्या, साइटवर सॉकेटात खुपसून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या, अशी वापरात होती. हे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. काडी सैल झाली की एक तार बाहेर लोंबते आणि ती फेजची असू शकते. आजच चांगला प्लग बसवला, आतले स्क्रू आवळले, तारांचे धागे पीळ देऊन पूर्ण आत गेलेत ना ते भिंगाने पाहिलं. एक धागा जरी बाहेर राहिला तरी तो शेजारच्या पिनेला टेकू शकतो.

९ मे

बेंच ग्राइंडर धातूच्या अंगाचा, तीन तारांचा. त्याचं सगळं रक्षण अर्थच्या हिरव्या-पिवळ्या तारेवर आहे. प्लगच्या मोठ्या पिनेपासून मशीनच्या अंगापर्यंत मोजलं, रंग खरवडून उघड्या धातूवर. अर्ध्या ओहमच्या आत आलं. पण बोर्डाच्या तिसऱ्या भोकात काय आहे हे पाहिल्याशिवाय या आकड्याला काही किंमत नाही. आपल्या जुन्या बाजारपेठांत ते भोक पुष्कळदा रिकामंच असतं, मागे तारच नसते. आमच्याकडे फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आलं. ठीक आहे.

हाताच्या बाकी मशिनींवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे. म्हणजे डबल इन्सुलेशन. त्यांना दोनच तारा असतात आणि तेच बरोबर आहे. त्यांच्या अंगाला आपल्या मनाने अर्थची तार जोडायची नसते. अंगच करंटपासून वेगळं राखलेलं असतं, आणि ते वेगळेपण धुळीमुळे जातं.

१२ मे

४ इंची ग्राइंडर. सगळ्यांत जास्त राबलेली, म्हणून तिला पूर्ण दिवस दिला.

सकाळी सातला बाहेर, शेडखाली बसलो. चष्मा आणि एन-९५ मास्क लावूनच, कारण याच ग्राइंडरने मागच्या महिन्यात फरशी आणि सिमेंटही कापलं होतं. त्या धुळीतली सिलिका इतकी बारीक असते की दिसत नाही आणि फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

स्पिंडल लॉक दाबून, दोन पिनांच्या पान्याने डिस्क उतरवली. मागचं झाकण काढलं. पंखा आर्मेचरवरच, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावरच, असतो आणि तो मागच्या फटींतून हवा ओढून पुढे गिअरकडे फेकतो. म्हणजे कापताना उडालेला लोखंडी कीस आत शिरला की आधी कार्बन (मोटारीला करंट पोचवणारे दोन छोटे ठोकळे) आणि ते ज्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर घासतात त्या कम्युटेटरवरूनच जातो. आज ते दिसलं. कार्बन होल्डरच्या पितळी घरट्याभोवती काळी मखमल बसलेली, आणि चुंबक जवळ नेला तर ती मखमल केसांसारखी उभी राहिली. पोरगं बघत होतं. म्हणालं, "हे तर लोखंड हाय ना!" त्याला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

साफसफाई आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने. कॉम्प्रेसरची हवा सरळ मारायची घाई सगळ्यांना असते. पण आठ बारच्या दाबाने धूळ बाहेर कमी येते, बेअरिंगच्या सीलमध्ये आणि वायंडिंगच्या पदरांत जास्त घुसते. टाकीत साठलेलं पाणीही तिच्याबरोबर आत जातं. आधी टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढलं, दाब २ बारपर्यंत आणला आणि आतून बाहेरच्या दिशेने, हातभर अंतरावरून मारली.

थिनर, पेट्रोल नाही. पॉलिशच्या कामामुळे थिनरचा डबा हाताशी असतो आणि बोळा बुडवून बॉडी चकचकीत करायचा मोह होतो. थिनर प्लास्टिकला आतून कमजोर करतो. आज चमकलेली बॉडी पुढे स्क्रूच्या भोकापाशी तडकते, आणि ती बॉडी म्हणजेच आपलं इन्सुलेशन. शिवाय मोटारीत वाफ राहिली तर कार्बनच्या ठिणगीला तेवढंच पुरे. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, त्यानंतर कोरडं फडकं. चिकट जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ब्रशला थोडं, आणि ते उडून जाईपर्यंत बॉडी बंद करायची नाही.

कार्बन काढण्याआधी डावा-उजवा आणि वरची बाजू मार्करने खूण केली. एक ९ मिलिमीटर उरलेला, दुसरा जेमतेम ५. अशी तफावत असली की आखूड बाजूच्याच नव्हे, लांब उरलेल्या बाजूच्या स्प्रिंगकडेही पाहावं. तिथे कार्बन घरट्यात अडकत असेल तर तो नीट टेकत नाही आणि ठिणग्या पडत राहतात. घरटं साफ केल्यावर कार्बन आपल्या वजनाने सरकू लागला. तरी दोन्ही नवेच टाकले. कार्बन जोडीनेच बदलायचे.

कम्युटेटर एकसारखा चॉकलेटी होता. हा रंग चांगला, तो घासून पिवळाधमक करायचा नसतो. दोनचार पट्ट्या काळ्या दिसल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पट्ट्यांच्या मधल्या खाचा बांबूच्या काडीने मोकळ्या केल्या. एमरी कापड नाहीच. त्याचे कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन खाऊन टाकतात.

गिअर वेगळे काढून रॉकेलमध्ये धुतले, मोटारीपासून दूर, आणि पूर्ण पुसून वाळवले. ग्रीस पुस्तिकेत सांगितलेलंच, आणि गिअर हेडच्या पोकळीत अर्ध्याच्या आतबाहेर. ठासून भरलं तर ते गरम होतं आणि सील ओलांडून मोटारीत उतरतं. मागचं ६०७ बेअरिंग बोटाने फिरवलं, खरखर नाही. रबर सीलच्या बेअरिंगला तेल घालायचं नसतं. खरखरलं तर बदलायचं.

डिस्क न लावता थोडा वेळ रिकामी चालवली, नवे कार्बन बसावेत म्हणून. निळसर बारीक ठिणगी ठीक. कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर लगेच बंद करायची.

१३ मे

मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती धड आहे ते मोजायचं यंत्र, काढला, ५०० व्होल्टचा. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. प्लगच्या दोन्ही पिना तारेने एकत्र बांधल्या, मेगरचं एक टोक त्यांना, दुसरं ग्राइंडरच्या स्पिंडलला. मशीनचा स्विच चालू स्थितीत अडकवून ठेवायचा, नाहीतर स्विचच्या पलीकडची मोटार मोजलीच जात नाही आणि आकडा उगाच सुंदर येतो.

कालच्या ग्राइंडरला उघडण्याआधी २२ मेगओहम होते, आज मेगर २०० च्या वर गेला. २२ हाही वाईट आकडा नाही. आमच्या वहीतली रेघ अशी : डबल इन्सुलेशनची मशीन ७ च्या खाली असेल तर कामाला द्यायची नाही, अर्थवाली २ च्या खाली असेल तर द्यायची नाही. पण २२ हा मे महिन्यातला २२ आहे. म्हणून आकड्याशेजारी तारीख आणि त्या दिवशीची हवा, दोन्ही लिहायला सुरुवात केली.

१६ मे

जुन्या ड्रिलचं आर्मेचर घेऊन इतवारीत वायंडिंगवाल्या काकांकडे. या ड्रिलच्या कम्युटेटरवर ठरावीक अंतराने दोन पट्ट्या जळाल्यासारख्या काळ्या होत्या, आणि कार्बन बदलूनही वास जात नव्हता.

काकांनी आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे वेढे तपासायच्या विजेच्या चुंबकावर, ठेवलं, बटण दाबलं आणि हॅक्सॉचं जुनं ब्लेड खाचांवर हलकं धरून आर्मेचर हळूहळू फिरवत गेले. ब्लेड गप्प. गप्प. गप्प. एका खाचेवर ते एकदम थरथरून खर्रर्र वाजलं आणि लोखंडाला चिकटलं. त्या खाचेत आतल्या आत वेढे शॉर्ट झालेले. थोडं पुढे फिरवलं की ब्लेड सुटलं, परत आणलं की पुन्हा वाजलं. "भरून देतो, पण एवढ्या छोट्याले भरण्यापेक्षा नवं टाका," काका म्हणाले, आणि तेच योग्य होतं. स्वतःचं काम नाकारून सरळ सल्ला देणारा माणूस जपून ठेवावा.

२० मे

प्लेनर आणि जिगसॉ. प्लेनरचं बटण सोडल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो, म्हणून चिप्स अडकल्या की बोट घालायची सवय मोडायची. प्लग काढायचा, ड्रम थांबलेला डोळ्यांनी पाहायचा, मग लाकडी काडीने काढायच्या. बेल्टला तडे होते, बदलला. जिगसॉच्या रोलरला थेंबभर तेल.

दुपारी लाईट गेली. एक पोरगं राउटर तसंच टेबलावर ठेवून पाणी प्यायला निघालं, स्विच चालूच. लाईट आली असती तर राउटर आपोआप सुरू होऊन टेबलावरून उडाला असता. आता बोर्डाच्या वर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : लाईट गेली की आधी प्लग काढा.

२६ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झालाय. मोटारींच्या उष्णतेचा हिशेब साधारण ४० अंशांची हवा धरून केलेला असतो. इथे शेडमधली हवाच त्याच्या वर आहे. सलग रंधा मारायचं काम सकाळी दहाच्या आत उरकतो. मधे मधे मशीन रिकामी चालवून थंड होऊ देतो. रिकाम्या चालीत पंखा पूर्ण वेगाने हवा ओढतो, एकदम बंद केली तर उष्णता आतच राहते.

एक्स्टेन्शन बोर्ड तपासले. एकाची वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, २५ मीटर. जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, विरोध साधारण १.३ ओहम. मोठा मार्बल कटर भाराखाली ६ अँपिअर घेतो तेव्हा जवळपास ८ व्होल्ट आणि ४७ वॅट वायरीतच जातात. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता उडून जाते, रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले वेढे एकमेकांना भाजतात. तो बोर्ड आता फक्त दिव्यासाठी. मशिनींना १.५ चौरसची वायर, आणि वापरताना पूर्ण उलगडायची.

डिस्कचा डबाही उपसला. रेझिनच्या कटिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. मुदत गेलेल्या आणि ओल लागलेल्या मोडून फेकल्या. मोडूनच, नाहीतर कचऱ्यातून परत वापरात येतात. आणि ग्राइंडरला लावायचं लाकूड कापायचं दातेरी ब्लेड होतं, तेही काढून टाकलं. नंदीची खांदाळी लवकर उतरते म्हणून ते वापरलं जातं. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर दात लाकडात रुतला की मशीन उलटी अंगावर येते आणि तिला आवरायला मनगटाला वेळच मिळत नाही. मोठ्या मिस्त्रींना हे पटलं नाही. वेळ जास्त लागेल हे मला मान्य आहे, तरी ते ब्लेड या वर्कशॉपमध्ये परत येणार नाही. खांदाळी जिगसॉने आणि रासपीने.

३ जून

सगळ्या मशिनी कपाटात. खालचा कप्पा रिकामा ठेवला, कारण पावसात फरशी घाम सोडते. केबल मशीनच्या अंगाभोवती आवळून गुंडाळायची नाही, मानेपाशी तिथेच मोड पडते. मोकळे वेढे करून वेगळी टांगायची. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाईट तोडणारा स्विच, आहे, त्याचं टेस्ट बटण दाबून पाहिलं. पडला. महिन्यातून एकदा दाबायचा.

२ जुलै

तीन दिवस झड लागलीय. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी त्यांची ग्राइंडर आणली. "तुमच्या बोर्डावर लावली की लाईट पडून राहिली. माझ्या बोर्डावर तर मस्त चालते."

त्यांच्या बोर्डाला आरसीसीबी नाही, म्हणून मस्त चालते. मेगर लावला : ०.३ मेगओहम. हा आकडाही आरसीसीबी पाडायला पुरेसा नाही, म्हणून पुढे शोधलं. मशीन आडवी करून मोजली तेव्हा काटा सरळ शून्यावर. आत किसाचा ओला गोळा होता, तो कुशीवर सरकून कार्बन होल्डर आणि पुढच्या ॲल्युमिनियमच्या हेडला जोडणाऱ्या लांब स्क्रूच्या मध्ये बसत होता. त्याच हेडवर भाऊंचा डावा पंजा असतो.

साफ केली, उघडीच ठेवून १०० वॅटच्या बल्बखाली रात्रभर वाळवली.

३ जुलै

भाऊंची ग्राइंडर ९० मेगओहम. आडवी, उभी, उलटी, तिन्ही बाजूंनी मोजली. केबलही मानेपाशी कापून नवी जोडली. त्यांना मशीन परत दिली आणि बरोबर आरसीसीबीची चिठ्ठी लिहून दिली : दोन पोलचा, ३० मिलिअँपिअर. "आजच बसवतो," म्हणाले. संध्याकाळी जाऊन पाहिलं, इलेक्ट्रिशियन शिडीवर होता.

९ जुलै

आमच्या मशिनी दमट हवेत पुन्हा मोजल्या. मेमध्ये २०० च्या वर असलेली ४ इंची ग्राइंडर आज १४०. प्लेनर ११०. राउटर ३५, बाकीच्यांपेक्षा बराच खाली. एमडीएफचं काम त्याच्यावरच झालंय आणि ती पिठासारखी धूळ व्हॅक्यूमला पुरती येत नाही. रेघेच्या वर आहे, पण उद्या सकाळी तो पुन्हा उघडायचा. तोवर नंदीच्या पाटांच्या कडा हातरंध्याने काढायला सांगितल्या आहेत.